काशीयात्रा: ब्रेकफास्ट, डिनर आणि मोक्ष इन्क्लुडेड

"काशीस जावे नित्य वदावे" असं आपले पूर्वज सांगून गेलेत, म्हणजे नुसतं बोलत राहिलं तरी पुण्य लागतं, प्रत्यक्ष जायची सक्ती नाही. पण पूर्वजांना ईएमआयची सोय नव्हती आणि तुम्हाला आहे, तेव्हा तुम्ही जाच. जयपूर, आग्रा, प्रयागराज, काशी, सारनाथ, सात रात्री आठ दिवस, "सांस्कृतिक व आध्यात्मिक सहल" असं पोस्टर सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडलंच असेल. लगेच पैसे भरा, खालची बारीक अक्षरं वाचायच्या भानगडीत पडू नका, चष्म्याचा नंबर वाढतो.

पहिली गोष्ट म्हणजे जेवण. बुकिंग करताना एकच प्रश्न विचारायचा, आपला महाराज सोबत आहे ना? तिथलं हवामान कसं, चालायला किती लागेल, मंदिरात रांग किती असते असले फालतू प्रश्न विचारून ऑफिसवाल्यांना त्रास देऊ नका. महाराज सोबत असला की झालं, बाराशे-चौदाशे किलोमीटर लांब जाऊन सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री पिठलं, आणि गल्लीच्या तोंडाशी कचोरी-जिलबी तळत असली तरी तिकडे बघायचंसुद्धा नाही, पाणी कुठलं असेल सांगता येत नाही. (गंगेचं पाणी मात्र बाटलीत भरून नातवाच्या तोंडात घालायचं, तिथे हा प्रश्न येत नाही.)

जयपूरला हवामहल आहे. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधला, ९५३ खिडक्या, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये त्याच्यापुढे कंसात "बाहेरून" असं लिहिलेलं असतं. आत जायचं दार मागच्या बाजूला आहे, पण तिकडे जाऊन काय करणार, फोटो रस्त्यावरूनच चांगला येतो आणि तोही बस सिग्नलला थांबली तरच, म्हणून डावीकडची सीट पहिल्याच दिवशी रुमाल टाकून धरा. सीट रोज बदलायची असा नियम टूर मॅनेजर सांगेल. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं सांगा, झालेलं नसलं तरी.

जंतरमंतरला वीस मिनिटं देतात, त्यातली दहा टॉयलेटची. तिथे सवाई जयसिंहांचं सम्राट यंत्र आहे, २७ मीटर उंच, दगडाचं सूर्यघड्याळ, सावली बघून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगतं. तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघा, दोन्ही जुळत नाहीत असं दिसेल, मग "बिघडलेलं दिसतंय, सरकारी आहे ना" असं मोठ्याने म्हणा, सगळे हसतील. ते यंत्र जयपूरचा स्वतःचा सूर्य सांगतं आणि आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालतात, हे गाईडला सांगायला वेळ नसतो. ती रेषा प्रयाग आणि काशीच्या मधून जाते, म्हणजे तीन दिवसांनी तुमची बस ती ओलांडेल, तेव्हा तुम्ही अंताक्षरीत "म" वर अडकलेले असाल.

आग्र्याला पोचलात की गाईड बदलतो आणि इतिहासही. ताजमहालासमोर तो तुम्हाला सांगेल की शहाजहानने काम झाल्यावर कारागिरांचे हात तोडले. याला कसलाही पुरावा नाही, पण तुम्ही "अरेरे" म्हणा, त्याला बरं वाटतं. मग तोच गाईड तुम्हाला बसमध्ये घालून संगमरवराच्या शोरूमला नेईल आणि तिथला माणूस छातीवर हात ठेवून सांगेल, आमच्याच पूर्वजांनी ताज घडवला, बाप मुलाला शिकवत आला, आज आमची सोळावी पिढी हेच काम करतेय. हात तुटल्यावर पुढच्या पिढीला शिकवलं कसं हे विचारू नका. विचारणारा माणूस ग्रुपमध्ये अप्रिय होतो आणि त्याला डिनरला गुलाबजाम एकच मिळतो. निमूटपणे इनले कामाचे सहा कोस्टर घ्या. ताजला चाळीस मिनिटं आणि शोरूमला दीड तास असं का, हेही विचारू नका, शोरूमला एसी असतो एवढं उत्तर पुरेसं आहे.

लाल किल्ल्यात (आग्र्याच्या, दिल्लीच्या नाही, हे काकांना परत परत सांगावं लागतं) आपला ग्रुप एकाच गोष्टीसाठी जातो, शिवाजी महाराजांना ठेवलेली खोली कुठली? गाईडने मराठी पाहुणे ओळखलेले असतात, तो कुठल्यातरी कोनाड्याकडे बोट दाखवतो, लगेच "जय भवानी" होतं, डोळे पाणावतात. १६६६ साली फुलादखानाचा पहारा होता तो महाराजांच्या मुक्कामाभोवती, आणि तो मुक्काम किल्ल्याच्या बाहेर होता, पण बाहेरच्या जागेवर सेल्फी काढायला काही नाही, म्हणून कोनाडाच बरा.

प्रयागला संगमावर होडीचा भाव बसमध्येच ठरलेला असतो, तिथे घासाघीस करून आपली अक्कल दाखवायची संधी मिळत नाही याचं वाईट वाटेल. वेणीदान करायचं असेल तर नवऱ्याला आधी घरी प्रॅक्टिस द्या. लग्नाला तीस वर्षं झाली तरी बायकोची वेणी घालता येत नाही हे सत्य त्रिवेणी संगमावर, चाळीस लोकांसमोर, व्हिडिओ चालू असताना उघड होतं, आणि सरस्वती तिथे गुप्त का झाली असावी याचा थोडा अंदाज येतो.

तिथे पंडे असतात. त्यांच्यापासून सावध राहा असं टूर मॅनेजर सकाळीच माइकवरून सांगतो आणि तो म्हणतो तसंच करा, कारण हे पंडे पैसे मागतात, जे टूरवर दुसरं कोणीही मागत नाही. गाव विचारतात, आडनाव विचारतात, मग लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या सोडायला लागतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान त्यांनी गाववार लिहून ठेवलेत. नशीब असेल तर तुमच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी निघतात, कोण कोण सोबत आलं, कोणाचं श्राद्ध केलं, आणि त्या मोडी लिपीत असतात, म्हणजे तुमच्याच घरातलं अक्षर तुम्हालाच वाचता येत नाही. रेल्वे नव्हती तेव्हा काही लोक आधी मृत्युपत्र करून इथवर चालत यायचे. असल्या वहीपुढे बसायचं म्हणजे तास-दोन तास जाणार, खाली तुमची सही करायला लावणार, दक्षिणा द्यावी लागणार, आणि तिकडे बसचा हॉर्न वाजतोय, चहा गार होतोय. त्यामुळे गाव विचारलं की सरळ "मुंबई" सांगा, मुंबईच्या वहीत कोणी सापडत नाही.

आता काशी, म्हणजे मेन आयटम. दशाश्वमेध घाटावर संध्याकाळची आरती असते, होडीतून बघायची, आणि बघायची म्हणजे पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये बघायची, कारण त्याने तो वर धरलेला असतो आणि तुम्ही तुमचा त्याच्याहून वर धरलेला असतो. गाईड म्हणेल पाच हजार वर्षांची परंपरा. एकाच तालात एकसारखे वेष घालून चालणारी ही आत्ताची आरती १९९० च्या दशकातली आहे, पण पाच हजार ऐकल्यावर अंगावर जो काटा येतो तो तीस-पस्तीस वर्षं ऐकल्यावर येत नाही, आणि काट्याचे पैसे पॅकेजमध्ये भरलेले आहेत.

विश्वनाथाचं सध्याचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधलं, शिखराचं सोनं रणजितसिंहांनी दिलं, हे रांगेत उभं असताना मुलांना सांगून टाका, नंतर वेळ नसतो. गाभाऱ्यात तुम्हाला चार सेकंद मिळतील, त्यातली दोन मागून ढकलण्यात जातात. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे दर्शन झालं की नाही याची खात्री कोणालाच नसते, घाबरू नका, बाहेर कटआउट मिळेल.

घाट एकूण ८४ आहेत, तुम्हाला लांबून सगळे दाखवतील, होडीवाला एका दमात नावं घेतो. भोसले घाट येईल, सिंधिया घाट येईल, त्याच्याशेजारी पाण्यात तिरकं झालेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ येईल, गंगेकाठच्या मऊ जमिनीत खचलेलं. कोणीतरी "पिसा, पिसा" ओरडेल. पिसाच्या मनोऱ्यापेक्षा हे जास्त कललंय, पण फॉरेनला नसल्यामुळे फोटोला लाइक कमी मिळतात. पंचगंगा घाटावरच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ रियाज करायचे, त्या बाजूच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, राज्याभिषेकाचे गागाभट्ट याच शहरातले. पण होडी तिथे थांबत नाही आणि तुम्हीही थांबवायला सांगू नका, गल्लीत गाय आडवी आली तर विमा कव्हर करत नाही.

काशीला काहीतरी सोडून यायचं असतं. यावर घरून निघतानाच विचार करून ठेवा. कारलं सोडणारे खूप झाले, ते आता चित्रगुप्ताच्याही लक्षात आलंय. डॉक्टरांनी जे आधीच बंद केलंय ते सोडावं, म्हणजे पुण्य आणि पथ्य एकाच पावतीवर होतं.

सारनाथ शुक्रवारी ठेवलेलं असेल, बघाच. त्या दिवशी म्युझियम बंद असतं, आणि ज्याचं चित्र खिशातल्या प्रत्येक नोटेवर आहे तो अशोकाचा सिंहस्तंभाचा माथा म्युझियमच्या आत आहे. हरकत नाही, गेटबाहेर साडीचं दुकान शुक्रवारी चालू असतं. धामेक स्तूपाला एक फेरी मारा. शेजारी दुसरा एक गोल पाया दिसेल, त्या धर्मराजिका स्तूपाच्या विटा १७९४ मध्ये काशीतल्या जगतसिंहाच्या माणसांनी बांधकामासाठी उचलून नेल्या. तुमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अडकलं असेल तर यावर दोन मिनिटं बोलायला हरकत नाही.

घरी आलात की मावंदं घाला. शंभरेक माणसं बोलवा, गंगेच्या गडूची पूजा करा, हॉल शक्यतो एसी घ्या. कोणी विचारेलच, कशी झाली यात्रा? सांगायचं, जेवणाची व्यवस्था उत्तम होती, रूम स्वच्छ होत्या, एका ठिकाणी गरम पाणी नव्हतं तेवढं सोडलं तर. एवढं ऐकून समोरचा कंपनीचा नंबर मागेल, तो लगेच द्या, रेफरन्सवर तुम्हाला चारधामला डिस्काउंट आहे.