‘बांधावर पाय ठेवलाय का?’: एका कॉमेंटला उत्तर, जरा लांबलंय

निनावी साहेब,

मेर्लो या वाइनच्या द्राक्षावरच्या माझ्या लेखाखाली तुमची कॉमेंट आली. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या पोमरोलमध्ये नुसती चिकणमाती नाही, खडीपण आहे. हवामानाने बिघडवलेलं वाईट वर्ष हल्ली सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनवताना, सांभाळून घेता येतं. चांगलं वर्ष-वाईट वर्ष हा निम्मा विकणाऱ्यांचा डांगोरा. एक साल चुकलंय. आणि शेवटी, "पुस्तकं चाळून लिहिणाऱ्यांनी एकदा बांधावर पाय ठेवून बघावं".

साल चुकलं, मान्य. थंडीने पोमरोलचे वेल मेले ते १९५६ च्या फेब्रुवारीत, मी १९६५ टाइप केलं. दुरुस्त केलंय, आभारी आहे. पण चूक दाखवताना "एवढंही माहीत नसेल तर" कशाला हो? हेडमास्तर आहात का?

आता बांध. मी निफाड तालुक्यात द्राक्षाच्या मांडवाखाली वाढलोय. डावणी हा द्राक्षाचा रोग मला पुस्तकातून नाही कळला, पानामागची पांढरी बुरशी नखाने खरवडून कळलाय. फुलोऱ्यात पाऊस आला की रात्री अकराला फवारणीचा ब्लोअर जोडून निघणारे वडील बघितलेत. ती खायची द्राक्षं, मेर्लो नव्हे, असं तुम्ही लगेच म्हणाल, म्हणून पुढचं ऐका.

२०१३ ला मी शिकायला बोर्दोत होतो, खिशात दमडी नव्हती, म्हणून पोमरोलच्या शेजारच्या सँ-एमिलियाँजवळ एका बागेत नऊ दिवस तोडणीला गेलो. त्या वर्षी तिकडचा वसंत थंड आणि ओला गेला, आणि मेर्लोचे डोळे आधी फुटतात, फुलोराही आधी येतो, त्यात गारठा आणि पाऊस गाठला की फुलगळ ठरलेली. पहिल्या दिवशी घड हातात घेतला तर निम्म्या नुसत्या दांड्या, मध्येच चार फुगलेले मणी आणि त्यांच्यात ज्वारीएवढे हिरवे, कडक. आपल्याकडे शॉट बेरी म्हणतात तेच की! आणि जे मणी धरले त्यांची साल पातळ, दमट हवेत कुज लागलेली, बोटाने नुसतं दाबलं की साल सुटून बोटाला चिकटायची आणि व्हिनेगरचा वास यायचा, तो संध्याकाळी साबणानेही जायचा नाही. मालकीणबाई रोज सकाळी मणी चावायच्या, बिया तळहातावर थुंकून बघायच्या, पिकून तपकिरी झाल्यात का अजून हिरव्याच आहेत ते. आठवडाभर थांबलं तर बिया पिकतील, पण तोवर कुज बाग खाऊन टाकेल. नाही थांबल्या. हिरव्या बियांसकट तोडलं सगळं.

आता हे सेलरमध्ये सांभाळा बरं. साखर घालून अल्कोहोल चढवता येतं, तिथे परवानगीने चालतंही ते. कुजके मणी टेबलावर निवडून काढता येतात, ते मी स्वतः काढलेत, पाठ मोडेपर्यंत. पण कच्च्या बीचा तुरटपणा कुठल्या टाकीत पिकवणार? तुम्हाला टाकी माहीत असेल तर सांगा राव, आमच्या निफाडवाल्यांनाही लागेल ती.

खडीचं म्हणाल तर आहे, कुणी नाही म्हटलं? मी लिहिलं होतं ते पोमरोलमधल्या पेत्र्यूस या बागेच्या साडेअकरा हेक्टरबद्दल, तिथल्या निळ्या चिकणमातीबद्दल. ती फुगते, पाऊस फार आत जाऊ देत नाही आणि उन्हाळ्यात ओल धरून ठेवते. म्हणून तर २००३ च्या उन्हाने खडीवरच्या वेलांना जास्त चटका बसला आणि चिकणमातीवरचे तगले. म्हणजे तुमची खडी माझ्याच बाजूने साक्ष देतेय, पण असो.

डांगोऱ्याबद्दल एकच. १९९८ ला बोर्दोतल्या जिरोंद खाडीच्या उजव्या बाजूचा, म्हणजे पोमरोलकडचा, मेर्लो सप्टेंबरअखेरच्या पावसाआधी बहुतेक घरात आला होता, डावीकडचा काबेर्ने सोविन्यों हा वाण उशिरा पिकतो, तो वेलावरच भिजला. प्रदेश एक, साल एक, आणि नाव झालं ते उजवीकडच्या वाइन्सचं. तो पाऊस काय विकणाऱ्यांनी पाडला?

बाकी, "आजकाल कुणीही उठून ब्लॉग काढतो" वगैरेला उत्तर देत बसत नाही, वेळ नाही. (एवढं लिहून वेळ नाही म्हणतोय, हसा.) तुमची कॉमेंट उडवलेली नाही, आहे तिथेच आहे. शेवटच्या ओळीतला एक शब्द तेवढा फुल्या मारून झाकलाय, माझी आई वाचते हा ब्लॉग.