निळी शेवंती बाजारात का नाही?

भारतात जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, मोहरीचा वाद तापला की मला हमखास एक फोटो येतो. गर्द निळा गुलाब, आणि खाली ओळ: ‘जपानने करून दाखवलं, आपण अजून मोहरीवर भांडतोय.’ मी जपानमध्ये राहतो, म्हणून त्यावर मान डोलवावी अशी अपेक्षा असते.

फोटोतला गुलाब मुळात पांढरा आहे. देठ निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवला की तो तसा होतो.

जनुक घालून केलेला ‘निळा’ गुलाब इथे २००९पासून मिळतो. सनटोरी ही जपानी कंपनी आणि ऑस्ट्रेलियातली फ्लोरिजीन कंपनी यांनी त्यावर १९९०मध्ये काम सुरू केलं होतं. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सरळ जांभळा वाटला, तोही फिका. गुलाबाला डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य बनवता येत नाही, त्यामुळे कितीही संकर केले तरी निळा हाती लागत नव्हता. पॅन्झी या फुलाचं जनुक घातल्यावर डेल्फिनिडिन तयार झालं, पण गुलाबाच्या पाकळीतला पेशीरस आम्लधर्मी, आणि आम्लात ते जांभळ्याकडेच झुकतं.

नुसतं रंगद्रव्य मिळवून भागत नाही, हे कॉर्नफ्लॉवर या निळ्या फुलाकडे पाहिलं की पटतं. त्याच्या निळ्या पाकळीत तेच सायनिडिन हे रंगद्रव्य असतं जे लाल गुलाबात असतं; फक्त तिथे त्याला लोह आणि मॅग्नेशियमची साथ मिळते. ‘हेवनली ब्ल्यू’ मॉर्निंग ग्लोरी तर उमलता उमलता पेशीरसाचा सामू (पीएच) ६.६वरून ७.७वर नेते, म्हणजे आम्लता कमी करते, म्हणून जांभळट कळीचं निळं फूल होतं. माणसाला जे गुलाबात तीस वर्षांत जमलं नाही ते हा वेल रोज पहाटे करतो.

खरी निळी शेवंती मात्र झाली. २०१७मध्ये नाओनोबु नोदा हे जपानी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवंतीत दोन जनुकं घातली, एक कॅम्पॅन्युला या फुलझाडाचं आणि एक आपल्या गोकर्णाचं. गोकर्णाच्या जनुकामुळे रंगद्रव्याला साखरेचे रेणू जोडले गेले, शेवंतीतल्याच एका रंगहीन द्रव्याशी त्याची जोडी जमली आणि फूल निळं झालं.

पण ती शेवंती बाजारात नाही. जपानात शेवंतीच्या रानटी जाती आहेत, परागकण त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून आधी ती वांझ करायची खटपट. गुलाबाला परवानगी मिळाली, कारण त्याचं नवं जनुक पेशींच्या बाहेरच्या थरातच आहे, परागकणांत उतरत नाही. कायदा एकच, एक फूल सुटलं आणि एक अडलं. मला इथलं हेच आवडतं.

भारतात २०१०मध्ये बीटी वांग्याला, म्हणजे किडीला तोंड देणाऱ्या जीएम वांग्याला, स्थगिती मिळाली तेव्हापासून आपण ‘जीएम हवं की नको’ एवढंच विचारतोय. जीएम मोहरीची डीएमएच-११ जात २०२२मध्ये मंजूर झाली, त्या मंजुरीवरून २०२४च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, आणि माझ्या ओळखीतले दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागीच राहिले. या मोहरीचे पराग कुठवर जातील, कोणत्या जातींशी तिचा संकर होईल, हे त्यांच्यापैकी एकानेही मला विचारलेलं नाही.

अर्थात फुलाची मोहरीशी तुलना थोडी अन्यायाचीच. गुलाब फसला तर कुणाचं पोट अडत नाही. आणि परदेशात सगळं चोख असतं असंही नाही: जनुक बदललेले नारिंगी पेट्युनिया (बागेतलं एक फुलझाड) युरोपात वर्षानुवर्षं बिनबोभाट विकले गेले, फिनलंडमध्ये २०१७मध्ये ते उघड झालं आणि मग नष्ट करायची धावपळ उडाली.

तो फोटो पाठवणाऱ्यांना मी आता एवढंच कळवतो: जपान जीएम मका आणि सोयाबीन जहाजं भरभरून आयात करतो, पण स्वतःच्या शेतात खाण्याचं एकही जीएम पीक व्यापारासाठी घेत नाही. घेतो तो हा फिका जांभळा गुलाब.