बिडाची कील, रस्ट कन्व्हर्टर आणि ‘दहा वर्षं बघायला नको’

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जुनी शिडाची बोट स्वस्तात घेतली की पहिला फुकट सल्ला मिळतो तो कीलबद्दल, म्हणजे बोटीला उलटू न देणाऱ्या तळाखालच्या वजनदार पंखाबद्दल. क्रेनने बोट बाहेर काढावी, शेवाळ आणि शिंपले धुऊन काढावेत, तर खाली बिडाची (ओतीव लोखंडाची) कील नारिंगी ओघळ आणि पापुद्रे घेऊन उभी. मग शेजारचा बोटवाला, यार्डातला एखादा जाणकार, व्हिडिओ पाहून आलेला मित्र, सगळे जवळपास एकच सांगतात: “सँडब्लास्टिंगवर पैसे घालवू नकोस. वायर ब्रश मार, रस्ट कन्व्हर्टर लाव, गंज काळा पडला की संपला. वर अँटीफाउलिंगचे दोन हात. शनिवार-रविवारचं काम आहे, पुढे दहा वर्षं बघायला नको. फारच काळजी वाटली तर एक झिंकचा अ‍ॅनोड ठोकून दे.” (सँडब्लास्टिंग म्हणजे खरखरीत कणांचा मारा करून धातू साफ करणं, रस्ट कन्व्हर्टर म्हणजे गंजावर लावायचं रसायन, अँटीफाउलिंग म्हणजे तळाला शंख-शेवाळ धरू न देणारा रंग, आणि अ‍ॅनोड म्हणजे लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा.)

यातली एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि ती सल्ल्यात उघडपणे म्हटलेली नाही: गंजलेली कील म्हणजे बुडायला आलेली बोट नव्हे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. त्यामुळे मिलिमीटरभर लोखंड गेलं असलं तरी पापुद्रा भीती वाटावी इतका जाड दिसतो. कील हा शेकडो किलोंचा भरीव ठोकळा असतो, त्याला एवढ्याने काही होत नाही. जिवाचा प्रश्न असतो तो कीलच्या बोल्टांचा आणि कील बोटीच्या तळाला जिथे मिळते त्या सांध्याचा. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चारही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या अहवालात भर होता तो आधी तळ घासल्याच्या घटनांवर, त्यानंतरच्या दुरुस्त्यांवर आणि त्यातून कमकुवत झालेल्या जोडणीवर. रंगाचा तिथे संबंध नव्हता. तेव्हा खिशात पैसे थोडेच असतील तर ते आधी बोल्ट तपासण्यावर जावेत, रंग एक हंगाम थांबला तरी चालेल. पण रंगवायचंच ठरवलं असेल, तर वरच्या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासून घ्यायला हवं.

“वायर ब्रश पुरे.” पाण्याबाहेरच्या लोखंडाला एखादवेळ पुरेल. गावाकडे खिडकीच्या गजांना पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा हात देतात आणि ते काही वर्षं टिकतं, ते गज फक्त पावसात भिजतात म्हणून. कील महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात बुडालेली असते. पृष्ठभाग किती साफ झाला हे ठरवायला आयएसओ ८५०१-१ हे मानक आहे. हाताने किंवा यंत्राने घासलेल्या पृष्ठभागाला त्यात एसटी २ आणि एसटी ३ अशा श्रेणी आहेत, ब्लास्टिंगला वेगळ्या. सतत पाण्याखाली राहणाऱ्या लोखंडासाठी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, पाणी अडवणारा रंग) बनवणारे सहसा ब्लास्टिंगची एसए २½ ही श्रेणी मागतात, म्हणजे जवळजवळ पांढरटकरडा धातू, कुठेकुठे फिकट डाग राहिले तर चालतील. वायर ब्रश तिथवर पोचत नाही. तो गंजाची वरची पापडी काढतो आणि उरलेल्याला पॉलिश करतो.

बिडाची आणखी एक खोड आहे. बिडात तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पाकळ्यांच्या रूपात. खाऱ्या पाण्यात लोखंड विरघळून जातं, ग्राफाइटची जाळी मागे राहते. हा काळा, मऊसर थर वायर ब्रशखाली असा काही चमकतो की धातू लागला असंच वाटतं. चाकूचं टोक ओढून पाहा. ते सहज रुतलं आणि काळी भुकटी निघाली तर तुम्ही अजून लोखंडापर्यंत पोचलेलाच नाही. वर ग्राफाइट आणि लोखंड एकमेकांना लागून ओले राहिले की झिजतं ते लोखंड, ग्राफाइट नव्हे. म्हणजे हा थर ठेवून रंगवणं म्हणजे रंगाखाली लोखंड खाणारी बॅटरी चालू ठेवणंच.

आता कन्व्हर्टर. “गंज काळा पडला की संपला” हे वाक्य पटतं, कारण काळा रंग डोळ्यांना दिसतो. त्यामागचं रसायनशास्त्रही खोटं नाही. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये टॅनिक आम्ल असतं, काहींत फॉस्फोरिक. टॅनिक आम्ल गंजातल्या लोहाशी जुळून निळसर काळं फेरिक टॅनेट तयार करतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करत, ती याच संयोगाची. (पोथ्यांवर ती शतकानुशतकं टिकली, पण पोथ्या कुणी समुद्रात बुडवून ठेवत नाही.) अडचण अशी की ही क्रिया द्रव जिथवर मुरतो तिथवरच होते. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर ठीक. चार मिलिमीटरच्या खळग्यात वरचा पदर काळा होतो, तळ तसाच राहतो.

आणि तळाशी जे असतं तेच खरं दुखणं: मीठ. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड गंजाच्या थरातून आत सरकून थेट लोखंडाला लागून साठतं. तिथे लोहाचं क्लोराइड बनतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. ऑक्सिजन पोचला की त्याचा गंज होतो आणि क्लोराइड पुन्हा मोकळं होतं, पुढचं लोखंड खायला. ते खर्च होतच नाही. कन्व्हर्टर गंजाचं रूप बदलतो, मिठाला हात लावत नाही. त्यावर रंग चढवला की तो चिमूटभर क्षार रंगाच्या थरातून पाणी आत खेचतो, फुगे येतात, फुगा फुटला की आतून नारिंगी पाणी ओघळतं. हंगामाअखेर लोक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात. डब्यावरची बारीक अक्षरं मात्र कुणी वाचलेली नसतात: सतत पाण्याखालच्या भागासाठी नाही, असं कितीतरी कन्व्हर्टरवर छापलेलं असतं. ट्रेलरच्या चासीला किंवा इंजिनखालच्या ब्रॅकेटना तो जरूर लावा, तिथे तो चांगलं काम करतो.

मीठ उरलंय का हे बघायला महागडं किट लागतंच असं नाही. साफ केलेली कील रात्रभर तशीच ठेवा. सकाळी सगळीकडे सारखी फिकट तपकिरी छटा असेल तर तो नुसता हवेने आलेला ताजा गंज. खळग्यांच्या तोंडाशी थेंब धरलेले गडद ठिपके दिसले तर आत क्षार आहे. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: गोड्या पाण्याचा जोरदार मारा, वाळवणं, पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा बघणं. पाणी मिसळून केलेलं ब्लास्टिंग यासाठीच मला कोरड्यापेक्षा पसंत आहे, धूळ कमी होते हा वरचा फायदा. यार्डात ब्लास्टिंगला परवानगी नसेल तर नीडल गन (सुयांच्या ठोक्यांनी गंज उडवणारं हत्यार) आणि ग्राइंडरवर भरड चकती घेऊन हातभर तुकडा पूर्ण साफ करायचा, लगेच इपॉक्सीचा पहिला हात द्यायचा आणि मग पुढचा तुकडा घ्यायचा. वेळखाऊ आहे, पण वायर ब्रशपेक्षा कितीतरी बरं.

जुन्या बोटीवर कोरडा ब्रश चालवण्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. छोट्या बोटींच्या अँटीफाउलिंगमधलं ट्रायब्युटिल टिन हे विषारी रसायन ब्रिटनमध्ये १९८७ साली बंद झालं. त्याआधीच्या बोटीवर खालचे थर त्याचे असू शकतात आणि प्रायमर शेंदराचा, म्हणजे शिशाचा. साध्या कापडी मास्कवर ही धूळ घेऊ नका.

“वर अँटीफाउलिंगचे दोन हात.” सगळ्या सल्ल्यातलं हे सर्वांत घातक वाक्य. अँटीफाउलिंगचं काम शंख-शेवाळ दूर ठेवणं, पाणी अडवणं नव्हे. बरेचसे प्रकार तर मुद्दाम झिजत जाण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांत बहुधा तांब्याचं ऑक्साइड असतं आणि तांबं नंग्या लोखंडाला खाऱ्या पाण्यात भेटलं की लोखंडच झिजतं. दोघांच्या मध्ये अखंड भिंत लागते: दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचे इतके हात की सुकलेला थर निदान ३०० मायक्रॉनच्या पुढे जाईल. खळगे भरायची लांबी (पुट्टी) इपॉक्सीचीच, आणि तीही पहिल्या प्रायमरनंतर. गाड्यांची पॉलिएस्टर लांबी पाणी पिते. अँटीफाउलिंगचा पहिला हात शेवटच्या इपॉक्सीवर तो पुरता सुकण्याआधी द्यायचा, हाताचं बोट टेकवल्यावर चिकट लागेल पण रंग बोटाला येणार नाही अशा वेळी. ती वेळ चुकली तर पुन्हा घासा.

“शनिवार-रविवारचं काम.” इंग्लंडमधल्या एप्रिलचा शनिवार धरा. हवा १२ अंश, आर्द्रता ८० टक्के. या हवेचा दवबिंदू येतो साधारण ८.७ अंश. रंगवायच्या धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असावं हा नियम, म्हणजे इथे ११.७. आता रात्री ४ अंशांत गारठलेला बिडाचा ठोकळा सकाळी दहाला किती असेल? माणूस जॅकेट काढून कामाला लागलेला असतो आणि कील अजून सात-आठवरच असते. तिच्यावर न दिसणारा दवाचा पदर धरतो, रंग त्याच्यावर बसतो, लोखंडावर नाही. शंभरेक पौंडांच्या आतलं इन्फ्रारेड थर्मामीटर आणि आर्द्रतामापक यांनी जितके रंग वाचतात तितके कुठल्याच महाग डब्याने वाचत नाहीत. दुपारी एक ते चार, एवढाच वेळ हाताशी असतो. दोन दिवसांत पाच हात बसत नाहीत.

अ‍ॅनोडबद्दल थोडक्यात. रंगाला कुठे ओरखडा गेला तर तेवढ्या उघड्या लोखंडाचं रक्षण तो करतो, तेही कीलशी त्याचा धातूने नीट संपर्क असेल तर आणि त्यावर कुणी रंग फासला नसेल तर. साफ न केलेली सबंध कील एका अ‍ॅनोडच्या भरवशावर सोडली तर हंगाम अर्ध्यावर असतानाच झिंक संपलेलं असतं.

राहिलं ‘दहा वर्षं’. नीट ब्लास्ट करून इपॉक्सी चढवलेली कीलही अस्पर्श राहत नाही, विशेषतः ओहोटीला चिखलात टेकणारी. १९६९ पासून निघालेल्या वेस्टर्ली सेंटॉरसारख्या जुळ्या कीलच्या बोटी लोक घेतातच मुळी त्यासाठी, की पाणी ओसरल्यावर त्या आपल्या पायांवर उभ्या राहतात. पण दर ओहोटीला वाळू-खडी कीलच्या तळाचा रंग खरवडते. आणि नेमका तो तळ यार्डात लाकडी ठोकळ्यांवर टेकलेला असल्याने रंगवायचा राहून जातो. बोट पाण्यात सोडायच्या दिवसाबद्दल क्रेनवाल्याशी आधीच बोलून ठेवा: आदल्या संध्याकाळी पट्ट्यांत उचलून रात्रभर टांगून ठेवाल का, असं विचारा. काही यार्ड थोडे जास्त पैसे घेऊन ठेवतात. तळाचं ब्लास्टिंग आणि इपॉक्सीचे सगळे हात त्या वेळात होणं नाही, पण ग्राइंडर फिरवून लवकर सुकणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात बसतात. दर वर्षी तेवढं केलं आणि बाजूंवरचे दोन-चार ठिपके खरवडून भरले, तर पुन्हा सगळी कील उघडी करायची वेळ बरीच पुढे जाते.