शेजारचा की फटफटीवाला?

लातुरात ज्या घरात बारावीची पोरगी असते, त्या घरातल्या टीव्हीवर कापड असतं. आमच्याही होतं. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेसाठी ट्यूशन एरियात वर्षाची फी भरून बसलेला बाप मी. कुणी शिंकलं तरी '७२० पैकी किती?' असं तोंडात यायचं. तर अशा घरात, फिजिक्सच्या जाड पुस्तकाच्या पोटात, मला एक इंग्रजी कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर मधे एक मुलगी, डावीकडं एक पोरगा, उजवीकडं एक. तिघांची तोंडं तीन दिशांना.

जप्त केली. "आत काय आहे ते बघावं लागतं बापाला," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो आणि गच्चीवर गेलो.

आत काहीच नव्हतं, हीच पंचाईत. नायिका सतरा वर्षांची. एक पोरगा शेजारचा, लहानपणापासून तिच्या सायकलीची चेन बसवून देणारा. दुसरा गावात नवा, फटफटीवर फिरणारा, बोलायच्या आधी अर्धं पान खिडकीबाहेर बघणारा. पोरीला दोघंही आवडतात. बस. एवढ्यावर ३८४ पानं! आमचं कसं ठरलं? औशाला पोहे आले, मामा म्हणाले "काही विचारायचं असेल तर विचारा," मी बायोडाटात लिहिलेलं शिक्षणच पुन्हा विचारलं, आणि चहा निवायच्या आत तारीख निघाली. इथं ही बया कुणाच्या छत्रीत जायचं या विचारात अकरा पानं भिजत उभी.

तरी पुस्तक खाली ठेववेना. आपण श्वास रोखून धरला होता, हे तिला दर चार पानांनी नव्यानं कळायचं. आणि त्या फटफटीवाल्याचा जबडा! सारखा आवळतो. २१४ व्या पानापर्यंत मी मोजलं, एकोणीस वेळा. आमच्याकडं एखाद्याचा इतका जबडा आवळला तर दातखीळ बसली म्हणून नाकाला कांदा लावतात. मी अर्थातच शेजारच्याच्या बाजूचा. रात्री दोनला मोबाइलच्या उजेडात मी त्या चेन बसवणाऱ्या लेकरासाठी डोळे पुसले. शेवटच्या पानावर दाराची बेल वाजते, पोरगी दार उघडते आणि पुस्तक संपतं. दारात कोण, ते दुसऱ्या भागात.

दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावास्येचा शेतातला सण. शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा झालेली, पंगत बसलेली. आईनं माझे लाल डोळे पाहिले.

"रातभर काय करलालतास रं?"

सांगावं लागलं. सगळीच गोष्ट सांगितली. आईनं बाजरीचा उंडा मोडत शांतपणे ऐकली.

"शेत किती हाय दोघाला?"

"आई, अमेरिकेतली गोष्ट आहे."

"मग अमेरिकेत शेत नस्तंय का? कोरडवाहू का बागायती, एवढं तर लिव्हलं आसंल."

३८४ पानांत खरंच नव्हतं. आईनं दोन्ही स्थळं तिथंच मोडली.

तेवढ्यात भज्जी वाढता वाढता बायको म्हणाली, "मला तर तो फटफटीवालाच बरा वाटला. त्या पावसात त्यानं जाकीट काढून दिलं बघा."

जाकिटाचं मी सांगितलंच नव्हतं. मग आठवलं, १९० व्या पानावर हळदीचं एक बोट उमटलेलं होतं, आणि पोरगी तर स्वयंपाकघरात फिरकत नाही.

"वीस वर्षं संसार करून फटफटीवाला?" मी म्हणालो.

"तुम्ही मला बघायला लुनावर आला होतात," ती म्हणाली. "तीही चुलतभावाची."

सगळी पंगत हसली. मी आंबिलीत तोंड घातलं. पोरगी हळूच माझ्या शेजारी सरकली.

"पप्पा, दुसरा भाग मैत्रिणीकडं आहे. उद्या आणते."

मी काही बोललो नाही.

"फक्त मंगळवारच्या टेस्टचे मार्क विचारायचे नाहीत."

समोर आई, पलीकडं बायको. मी तांब्या खाली न ठेवताच मान हलवली.