मोजल्यानं पोट भरते काय?

गावच्या ग्रुपवर मी गरिबीत वाढणाऱ्या मुलांवरच्या, ऑक्सफर्डच्या ‘यंग लाइव्हज’ अभ्यासाबद्दल चार ओळी टाकल्या, तर चुलतभावाचं उत्तर आलं : "गोऱ्याइले आपल्या पोट्ट्याइची गरिबी मोजाचं काय पडलं हाय? मोजल्यानं पोट भरते काय?" खाली अंगठ्यांची रांग.

आपल्यालाच मोजतात, हा कुठला गैरसमज? इथं इंग्लंडात मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो बाळांच्या मागे संशोधक आजवर आहेत. पंच्याहत्तरी उलटली त्या बाळांची. १९५८ आणि १९७० मध्ये पुन्हा नवी बाळं. कुणाचा स्वाभिमान दुखावला नाही.

‘यंग लाइव्हज’नं २००२ पासून इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाममधल्या सुमारे १२,००० मुलांचा माग ठेवलाय. तीच मुलं, दर काही वर्षांनी : वजन, उंची, वाचन, गणित, मनात काय चाललंय ते. भारतातली मुलं आंध्र-तेलंगणातली. आणि हो भाऊ, पोट भरते. दुष्काळात सापडलेल्या घरांतल्या लहानग्यांची खुंटलेली वाढ शाळेतल्या जेवणानं बरीच भरून निघाली, हे याच आकड्यांतून दिसलं. खिचडीला नावं ठेवणाऱ्यांसमोर तोंड उघडायला एवढं पुरेसं आहे.

खासगी शाळेत मुलगे जास्त, मुली कमी, हेही त्यात निघालं. आमच्या यवतमाळमधल्या पांढरकवड्याकडे ते पाहायला ऑक्सफर्ड नको. याच चुलतभावाचा पोरगा कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाडीत जातो. थोरली जिल्हा परिषदेत शिकली, आता तिची शाळा मुलींना ने-आण करणाऱ्या, सरकारी मानव विकास योजनेच्या निळ्या बसवर. बस आली तर वर्ग, नाही तर कापूस वेचणी. हे ग्रुपवर लिहिलं असतं तर दिवाळीत घरात घेतलं नसतं, म्हणून इथं लिहितोय.

"तिकडं हीटर लावून बोलणं सोपं हाय," असंही तो म्हणाला. सोपं आहेच. माझी लेक हाफ टर्ममध्ये, म्हणजे सत्रामधल्या आठवडाभराच्या सुट्टीत, कंटाळते; आमच्याकडे ऊन एवढं की बाकी महाराष्ट्राच्या शाळा उघडल्या तरी विदर्भाच्या जूनच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत बंद.

खरी जळजळ वेगळी आहे. ते लोक तेलंगणापर्यंत आले, सीमेवरची पैनगंगा ओलांडली नाही. गाव बदललेल्या पोरांनाही ते शोधून काढतात म्हणे. मी बारावीनंतर गेलो, तेव्हा कुणी विचारलं नाही. ग्रुपमध्ये अजून आहे, ते आबांच्या शेताच्या सातबारावर माझंही नाव आहे म्हणून. सही लागते अधूनमधून.