लाडकी बहीण आणि ‘आमच्या टॅक्सचे पैसे’: त्या मेसेजचा हिशोब कुठे चुकतो

पगारदारांच्या ग्रुपवर एक मेसेज योजना सुरू झाल्यापासून फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. आम्ही इन्कम टॅक्स भरतो आणि त्यातून सरकार लाडक्या बहिणींना महिन्याला 1,500 रुपये वाटतं. टॅक्स भरणारे मूठभर, बाकीचे फुकटे. या एका योजनेने राज्य कर्जात बुडालं. त्यापेक्षा टॅक्स कमी करा, महसूल आपोआप वाढेल. पण सरकार ते करणार नाही, कारण पैसे दिले की मतं मिळतात.

योजनेत दोष आहेत आणि ते गंभीर आहेत, त्यांच्याकडे येऊच. पण हे पाच मुद्दे ज्या पद्धतीने मांडले जातात, त्या पद्धतीने त्यातला एकही टिकत नाही.

पहिला मुद्दा इन्कम टॅक्सचा. हा कर केंद्राचा आहे, राज्य तो गोळा करत नाही. समजा, तुम्ही 100 रुपये टॅक्स भरला. त्यावरचा 4 टक्के सेस बाजूला ठेवा, तो राज्यांना वाटला जातच नाही. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो. 15व्या वित्त आयोगाच्या सूत्रानुसार 2025-26 पर्यंत या 100 रुपयांतले 41 रुपये सगळ्या राज्यांना मिळून जात होते. त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के, म्हणजे 2 रुपये 59 पैसे. हे पैसे योजनेच्या वेगळ्या डब्यात पडत नाहीत, राज्याच्या एकाच तिजोरीत जमा होतात. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याचा एकूण खर्च 7,00,020 कोटी आणि त्यात लाडक्या बहिणीसाठी तरतूद 36,000 कोटी, म्हणजे 5 टक्क्यांहून जरा जास्त. तर तुमच्या 100 रुपयांतले या योजनेला गेले सुमारे 13 पैसे. वर्षाला एक लाख रुपये इन्कम टॅक्स भरणाऱ्या माणसाचे साधारण 130 रुपये.

महाराष्ट्रातून इतका कर जातो आणि परत एवढाच का येतो, हा प्रश्न रास्त आहे. तो वित्त आयोगाला आणि केंद्राला विचारायचा. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला नाही.

मग राज्याची तिजोरी भरते कशाने? जीएसटीतला राज्याचा हिस्सा, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, घर-जमिनीच्या व्यवहारावरचं मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. यातला बहुतेक कर गरिबाला चुकवता येत नाही. राज्यात पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे आहेत. पेट्रोल 103 रुपयांच्या आसपास असताना जेवण पोचवणाऱ्या मुलाने गाडीत 200 रुपयांचं पेट्रोल भरलं, तर त्यातले 45 ते 50 रुपये राज्याला गेले. त्याची आई लाडकी बहीण असेल तर 1,500 पैकी काही रक्कम त्याच महिन्यात पंपावर आणि किराणा दुकानातून परत सरकारकडे गेली. ‘टॅक्स न भरणारे’ हा शब्द इथेच गळून पडतो. ही माणसं इन्कम टॅक्स भरत नाहीत एवढंच खरं. घरात कुणी इन्कम टॅक्स भरत असेल तर ती बाई योजनेला मुळात पात्रच नसते.

कर्जाबद्दल. योजना जुलै 2024 पासून लागू झाली. त्याआधीच, मार्च 2024 अखेर, राज्याचं कर्ज 7 लाख कोटींच्या वर होतं. महसुली जमेतला निम्म्याहून अधिक पैसा पगार, पेन्शन आणि व्याज यांतच जातो. 2025-26 ची अंदाजित महसुली तूट, म्हणजे जमेपेक्षा जास्त होणारा चालू खर्च, 45,891 कोटी होती. लाडकी बहीण पूर्ण बंद केली तरी जवळपास 9,900 कोटींची तूट उरते. पण उलटही बघा: ही योजना काढली तर तुटीचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग जातो. म्हणजे ‘एका योजनेने बुडालं’ हे खोटं आणि ‘योजनेचा काही भार नाही’ हेही खोटं. चालू खर्चासाठी कर्ज काढणं हा खरा आजार. तो जुना आहे, या योजनेने तो बळावला.

टॅक्स कमी केला की महसूल वाढतो, हा मुद्दा सर्वांत जास्त आवडता आणि सर्वांत कच्चा. राज्याला इन्कम टॅक्सला हात लावता येत नाही. जीएसटीचा दर एकटं राज्य ठरवत नाही, तो जीएसटी परिषदेत ठरतो. मोठी कपात करण्याजोगं हातात उरतं ते प्रामुख्याने इंधन, दारू आणि मुद्रांक शुल्क.

इंधनाचं उदाहरण बघा. जुलै 2022 मध्ये राज्याने पेट्रोल लिटरमागे 5 आणि डिझेल 3 रुपयांनी स्वस्त केलं. सरकारनेच सांगितलेला वर्षाचा भार 6,000 कोटी. महिन्याला 20 लिटर पेट्रोल लागणाऱ्या दुचाकीवाल्याचे 100 रुपये वाचले, 80 लिटर जाळणाऱ्या मोटारवाल्याचे 400. आणि ज्या बाईकडे गाडीच नाही, तिच्या हातात थेट काही नाही. भाडं आणि भाजीच्या दरातून तिला फायदा पोचेल असं म्हणतात, पण इंधन उतरलं म्हणून एसटीचं तिकीट कुणी कमी केलं नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईतलं मुद्रांक शुल्क 5 वरून 2 टक्के केलं होतं. नोंदणी कार्यालयात झुंबड उडाली आणि ‘बघा, कपातीने महसूल वाढतो’ याचा तो पुरावा म्हणून दाखवला जातो. साधा गुणाकार करा. एक कोटीच्या घरावर 5 लाखांऐवजी 2 लाख मिळणार असतील, तर तेवढीच रक्कम जमायला अडीचपट घरं विकली जायला हवीत, आणि तीही कायम. सवलतीची मुदत ठरलेली होती, म्हणून पुढे घेणाऱ्यांनी व्यवहार अलीकडे ओढले. बांधकाम व्यवसायाला तेव्हा त्या धक्क्याची गरज होती, निर्णय वाईट नव्हता. पण दर कायमचा उतरवण्याचा तो दाखला होऊ शकत नाही.

उरला मतांचा मुद्दा. इथे आधी एक गोष्ट कबूल करायला हवी: लोकसभेला 48 पैकी 17 जागा मिळालेल्या महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी सहा महिन्यांत विधानसभेच्या 288 पैकी 230 जागा घेतल्या, त्यात या योजनेचा वाटा नाही असं म्हणणं म्हणजे डोळे मिटून घेणं आहे. बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणाऱ्या सरकारांबाबत मध्य प्रदेशात 2023 ला आणि झारखंडमध्ये 2024 ला असंच दिसलं. पण मग आंध्र प्रदेशाचं काय? जगनमोहन रेड्डींच्या सरकारने पाच वर्षं एकामागून एक योजनांचे पैसे थेट खात्यात टाकले आणि 2024 मध्ये त्यांचा पक्ष 151 वरून 11 जागांवर आला. राजस्थानात 500 रुपयांचा सिलिंडर देऊन, तेलंगणात शेतकऱ्यांना एकरी पैसे देऊनही 2023 मध्ये सरकारं गेली. पैसे घेऊन मत विकणारा मतदार असा निकाल देत नाही. तो पैसे घेतो, आणि नोकरी, शेतमालाचा भाव, जात, उमेदवार हे सगळंही बघतो.

करकपात मात्र मतदाराला दिसतच नाही. राज्याच्या 2023 च्या अर्थसंकल्पात महिलांसाठी व्यवसाय कराच्या (पगारातून कापला जाणारा राज्याचा कर) माफीची मर्यादा महिन्याच्या 10,000 वरून 25,000 रुपये पगारापर्यंत नेली. महिन्याचे 200 आणि फेब्रुवारीचे 300, असे वर्षाला 2,500 रुपये वाचले. पगाराच्या पावतीवरची एक ओळ गायब झाली, इतकंच. फायदा झालेल्या किती जणींना हे माहीत आहे? उलट 1,500 रुपये आले की फोनवर बँकेचा मेसेज वाजतो, आणि अनेकींसाठी ते नवऱ्याला न विचारता खर्च करता येणारे पहिले पैसे असतात. ही लाच नाही. दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या पैशातला हा फरक आहे.

आता खरे दोष. निवडणुकीआधी अर्ज घाईत मंजूर झाले. जून 2025 पासून 26.34 लाख लाभार्थ्यांचे हप्ते तपासणीसाठी थांबवावे लागले, आणि पुरुषांनीही हप्ते घेतल्याचं उघड झालं. छाननी आधी व्हायला हवी होती. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या ज्या विभागांच्या जिवावर चालतात, त्यांचा हा पैसा. आणि 36,000 कोटींना वर्षाच्या 18,000 रुपयांनी भागलं तर बरोबर 2 कोटी बायका होतात, तर मूळचा 46,000 कोटींचा अंदाज अडीच कोटींहून अधिक बायकांचा होता. प्रचारात कबूल केलेले 2,100 रुपये दोन कोटी बायकांना द्यायचे तर 50,400 कोटी लागतील.

अधिवेशनात पुरवणी मागण्यांचं, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा पैशांचं, पुस्तक येतं. त्यात महिला व बालविकास विभागाची वाढलेली रक्कम बघा. मग वर्षाच्या शेवटी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांची मूळ तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवा, आणि तुमच्या आमदाराला त्या फरकाबद्दल विचारा.