वीस टनाचं धूड आणि नायलॉनचा दोर

परवा पुन्हा तेच. कराडहून पोकलेन चिपळूणला पाठवायचं होतं. लो-बेड, म्हणजे अवजड मशीन न्यायचा बुटका ट्रेलर आला, मशीन चढलं आणि खलाशानं बाहेर काढलं काय, तर पोती बांधायचा नायलॉनचा दोर! साखळ्या कुठायत विचारलं, तर ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, वीस टनाचं वजन आहे. जातंय कुठं?"

अरे बाबा, कुंभार्ली घाटाच्या उतारावर ब्रेक दाब, मग कळेल कुठं जातंय! वजन जास्त म्हणजे पुढं रेटायचा जोरही तेवढाच. त्यात खाली ट्रेलरचा लोखंडी पत्रा, वर मशीनचा लोखंडी पट्टा, मधे साइटचा ओला चिखल. साबणाची वडीच ती.

चार कोपऱ्यांना चार साखळ्या, पुढच्या पुढं आणि मागच्या मागं ताणलेल्या. पट्ट्याखाली रबर. बकेट टेकवलेलं, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक. अर्ध्या तासाचं काम! पण नाही. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, तर असा उभा ठेवला होता, जणू वाटेतल्या विजेच्या तारांना सलामच ठोकायचाय.

भांडून साखळ्या आणवल्या. चार हुक, त्यातल्या एकाचं तोंड फाकलेलं. तोही बदलायला लावला. "दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, हादऱ्यानं सैल पडतात," असं बजावलं. होकार मोठा जोरात आला.

पाटणला थांबले म्हणे. चहाला. साखळीला हातसुद्धा लावला नाही!